चरबी घटवणारा आणि अंग घोटीव करणारा व्यायाम कसा निवडावा

व्यायामशाळेत नव्याने येणारा माणूस पहिल्या आठवड्यात हमखास दोन प्रश्न विचारतो. पोट कमी करण्यासाठी कोणता व्यायाम करावा, हा पहिला. आणि दंड-मांड्या जरा घोटीव दिसाव्यात म्हणून कोणता करावा, हा दुसरा. बडोद्याच्या जुन्या वस्तीतल्या एका लहानशा व्यायामशाळेत सकाळच्या तुकडीला शिकवताना मी हे प्रश्न इतक्यांदा ऐकले आहेत की, आता उत्तर देण्याआधी मी समोरच्याच्या हातात शिंप्याची मोजपट्टी देतो. हे प्रश्न वेगवेगळे आहेत असे समजून लोक दोन वेगळे व्यायाम शोधत राहतात आणि त्या शोधात बहुतेकांचे पहिले वर्ष वाया जाते. ज्याला हल्ली सर्रास ‘टोनिंग’ म्हणतात, अशी कोणतीही स्वतंत्र क्रिया शरीरात घडत नाही. स्नायू थोडा भरतो, त्याच्यावरचा चरबीचा थर थोडा उतरतो आणि या दोन्ही गोष्टी बरोबरीने घडल्या की अंगाला जो रेखीवपणा येतो, त्यालाच आपण घोटीव अंग म्हणतो. चरबी उतरते ती मुख्यतः ताटातल्या फरकाने आणि दिवसभराच्या हालचालीने, तर स्नायू टिकतो आणि भरतो तो ओझ्याने. त्यामुळे निवड करायची आहे ती ज्यांचे ओझे महिनोन्‌महिने हळूहळू वाढवत नेता येईल अशा मोजक्या हालचालींची, आणि त्यांच्या जोडीला रोज कंटाळा न येता करता येईल अशा चालण्याची.

आधी मोजपट्टी, मग व्यायाम

वजनकाटा एकटा पुरेसा नाही. पुण्याचे मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनमधील त्यांचे सहकारी जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २००४ साली प्रसिद्ध झाले. दोघांचाही बॉडी मास इंडेक्स (उंचीच्या मानाने वजन किती, हे सांगणारा आकडा) २२.३, म्हणजे कागदावर दोघेही सारखेच सडपातळ. पण शरीरातील चरबीचे प्रमाण युडकिन यांचे ९.१ टक्के आणि याज्ञिक यांचे २१.२ टक्के निघाले. आपल्याकडच्या पुष्कळ माणसांची गत हीच असते. हातपाय काटकुळे, वजन बेताचे आणि पोट मात्र सदऱ्याच्या गुंड्या ताणणारे. अशा माणसाने केवळ वजन कमी करण्याच्या मागे लागून उपास आणि पळणे सुरू केले, तर आधीच कमी असलेला स्नायू आणखी झिजतो आणि तो पूर्वीपेक्षा हलका, पण तितकाच सैल दिसू लागतो. त्याला गरज असते ती ओझ्याच्या व्यायामाची.

कमरेचे माप घेण्याची रीत अशी. सकाळी पोट साफ झाल्यावर, काही खाण्यापूर्वी, आरशासमोर उभे राहावे. कुशीत बोटाने चाचपून शेवटच्या बरगडीची खालची कड आणि कमरेच्या हाडाचा वरचा काठ शोधावा आणि या दोहोंच्या मधोमध पट्टी आडवी गुंडाळावी. ती पाठीमागे घसरली नाही ना, हे आरशात पाहावे. श्वास सहज बाहेर सोडावा आणि पोट आत न ओढता आकडा वाचावा. पोट आत ओढण्याचा मोह अनावर असतो. मी स्वतः तो पुष्कळदा केलेला आहे. भारतीय पुरुषांसाठी ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर ही धोक्याची रेषा मानली जाते. हा आकडा, सकाळचे वजन आणि एका दमात नीट काढता येणाऱ्या जोरांची संख्या अशा तीन नोंदी वहीच्या पहिल्या पानावर तारखेसह लिहाव्यात. पुढची सगळी निवड याच पानावरून करायची आहे. कंबर रेषेच्या बरीच पलीकडे असेल, तर चालण्याचा आणि ताटाचा वाटा मोठा ठेवावा. कंबर ठीक असून जोर दोनही निघत नसतील, तर ओझ्याचा.

चरबी जाते कुठे

घामातून चरबी बाहेर पडते, ही समजूत इतकी घट्ट रुजलेली आहे की बडोद्याच्या मे महिन्यात, पारा ४२ अंशांच्या आसपास असताना, रेक्झिनचे जाकीट घालून कमाटीबागेत धावणारी माणसे मी पाहिली आहेत. घाम हे अंग थंड ठेवण्यासाठी बाहेर आलेले पाणी आहे. घरी जाऊन दोन तांबे पाणी प्यायले की वजन जागच्या जागी येते. चरबीचे ज्वलन होते तेव्हा तिचे रूपांतर कार्बन डायऑक्साइडमध्ये आणि पाण्यात होते. १० किलो चरबी पूर्णपणे खर्ची पडली तर त्यातील सुमारे ८.४ किलो आपल्या उच्छ्वासावाटे निघून जाते आणि उरलेली १.६ किलो पाणी होते. म्हणजे चरबी श्वासावाटे जाते; मात्र नुसते जोरजोरात श्वास घेतल्याने ती जात नाही, कारण आधी ती स्नायूंनी कामासाठी मागावी लागते.

आणि स्नायूंनी मागितली तरी ती कुठल्या कोपऱ्यातून काढायची, हे शरीर स्वतः ठरवते. पोटाचे व्यायाम केल्याने पोटावरचीच चरबी जळते, हे खरे नाही. मी पस्तिशीत असताना रोज रात्री सतरंजीवर दोनशे क्रंचेस काढण्याचा नेम चार महिने चालवला होता. पोटाचे स्नायू आतून कणखर झाले असतील, परंतु त्यांच्यावरचा थर जिथल्या तिथे राहिला, कमरेचे माप एक बोटभरही हलले नाही आणि हाताने डोके ओढून उठण्याच्या सवयीमुळे मान मात्र धरली. त्या चार महिन्यांतली तीच मिनिटे बैठकांना आणि ओझे ओढण्याला दिली असती, तर कमी वेळात अधिक काम झाले असते. पुरुषांत पोटाची आणि स्त्रियांत नितंब-मांड्यांची चरबी बहुधा सर्वांत शेवटी हलते, हे आधीच माहीत असलेले बरे. नाहीतर सहाव्या आठवड्यात, चेहरा उतरलेला आणि पोट तसेच, हे पाहून माणूस व्यायाम सोडतो.

ट्रेडमिलवर ‘फॅट बर्न’ असे लिहिलेला नाडीच्या वेगाचा एक पट्टा असतो, त्याबद्दलही सांगायला हवे. हळू चालताना खर्च होणाऱ्या ऊर्जेत चरबीचा टक्का अधिक असतो आणि वेगाने धावताना साखरेचा, इथपर्यंत ते बरोबर आहे. पण हळू चालताना एकूण खर्चच कमी असतो, आणि दिवसाच्या अखेरीस शरीर सगळ्या जमाखर्चाचा मेळ घालते. त्या पट्ट्यातच राहावे म्हणून दम असूनही वेग कमी करणे व्यर्थ आहे.

शेवेचा हिशेब

७० किलो वजनाच्या माणसाने अर्धा तास झपझप चालले, तर सुमारे १५० कॅलरी खर्च होतात. तळलेल्या शेवेच्या ३० ग्रॅमांत, म्हणजे एका मुठीत, जवळजवळ तेवढ्याच असतात. बडोद्यात राहून शेव-उसळ, लीलो चिवडा आणि रविवारच्या फाफड्यांशी वैर धरा, असे मी कोणाला सांगत नाही; मलाही ते जमलेले नाही. परंतु एक किलो शरीरचरबीत सुमारे ७,७०० कॅलरी साठलेल्या असतात, हे ध्यानात घेतले की नुसत्या व्यायामाने ती उतरवणे किती लांबचे काम आहे ते कळते. ताटातून रोज तीनशे कॅलरी कमी करणे म्हणजे संध्याकाळचे फरसाण आणि चहातली साखर आवरणे. तितक्याच कॅलरी चालून घालवायच्या तर रोज तास लागतो. दोन्ही थोडे थोडे करावे. आठवड्याला अर्धा किलो हा उतरण्याचा चांगला वेग आहे. एक किलोच्या पुढे सातत्याने उतरत असेल, तर त्यात स्नायू जात असण्याचा संभव बराच असतो.

ओझ्याचा व्यायाम न करता केवळ कमी खाऊन वजन उतरवले, तर उतरलेल्या वजनाचा ढोबळमानाने चौथा हिस्सा चरबीव्यतिरिक्तच्या ऊतींचा, म्हणजे बऱ्याच अंशी स्नायूंचा असतो. हा तोटा टाळणे हेच ओझ्याच्या व्यायामाचे वजन उतरवण्याच्या काळातले खरे काम. स्नायू वाढवला की बसल्या बसल्या भरपूर चरबी जळत राहते, असे जे सांगितले जाते त्यात अतिशयोक्ती आहे: एक किलो स्नायू विश्रांतीत दिवसाला १३ कॅलरींच्या आसपास खर्च करतो आणि एक किलो चरबी साडेचारच्या आसपास. फरक आहे, पण एका घासाचादेखील नाही.

कोणत्या हालचाली निवडाव्यात

जोर-बैठकांच्या आणि मुद्गलांच्या परंपरेत बडोदे मागे नाही, प्रो. माणिकरावांनी आपल्या गुरूंच्या नावाने चालवलेल्या जुम्मादादा व्यायाम मंदिरामुळे या शहराचे नाव व्यायामाच्या क्षेत्रात दूरवर गेले. त्या परंपरेतले पुष्कळसे आजही जसेच्या तसे वापरता येते, फक्त एक फेर करून. पहिलवान शेकड्यांनी जोर काढतो तो कुस्तीच्या दमासाठी. ज्याला स्नायूला आकार द्यायचा आहे त्याने संख्या वाढवत न बसता कठीणपणा वाढवावा. एका दमात पाचपासून तीसपर्यंत कितीही वेळा केलेली हालचाल स्नायू वाढवू शकते, अट इतकीच की शेवटच्या दोन-तीन वेळा मनापासून नेट लावावा लागला पाहिजे. तीस जोर गप्पा मारत निघू लागले, की ते आता तुमच्यासाठी ओझे राहिलेले नाहीत.

निवडीसाठी शरीराच्या मोठ्या हालचाली पाहाव्यात, सुटे सुटे स्नायू पाहू नयेत. बसून उठणे, ढकलणे, ओढणे, वाकून उचलणे आणि ओझे घेऊन चालणे. या पाचांतून प्रत्येकी एक प्रकार घेतला की सबंध अंगाला काम मिळते आणि वेळही कमी लागतो. दंडाच्या पुढच्या बेटकुळीसाठी एक यंत्र आणि मागच्या बाजूसाठी दुसरे, अशा रीतीने जी यादी बनते ती स्पर्धेत उतरणाऱ्यांसाठी ठीक असेल, नोकरी-संसार सांभाळून आठवड्याला तीन तास काढणाऱ्यासाठी नव्हे.

बैठक नीट शिकून घेण्यासारखी आहे. ज्यांना गुडघ्यांचा विश्वास वाटत नाही त्यांनी भिंतीला टेकवलेली घरातली खुर्ची घ्यावी, तिच्यापुढे पाठ करून उभे राहावे, पावले खांद्यांइतकी फाकवावीत आणि बोटे किंचित बाहेर वळवावीत. मग बसायला जागा आहे की नाही हे न पाहता मागे चाचपत बसल्याप्रमाणे नितंब मागे नेत, तीन आकडे मोजत खाली यावे, खुर्चीला नुसता स्पर्श होऊ द्यावा आणि टाचा जमिनीत रोवून उठावे. बहुतेकांची चूक शेवटच्या वितीत होते: तिथे ते स्वतःला खुर्चीवर टाकून देतात. जिथे पडावेसे वाटते तिथेच आवरून धरण्यात मांडीचे खरे काम असते. बारा वेळा असे आवरून जमले की खुर्चीऐवजी तिच्याहून ठेंगणे स्टूल घ्यावे, मग पाट; आणि पाटापर्यंत जाता आले की हातात ओझे घ्यावे.

ओझ्यासाठी मी नवीन माणसाला दुकानात पाठवत नाही. शिंगतेलाचा (शेंगदाण्याच्या तेलाचा) पाच लिटरचा रिकामा कॅन प्रत्येक घरात असतो. तो धुऊन घ्यावा आणि त्यात लिटरच्या मापाने पाणी भरावे. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. पहिल्या आठवड्यात दोन लिटर, बारा वेळा तीन फेऱ्या सहज निघाल्या की अर्धा लिटर आणखी. बाजारातले डंबेल अडीचवरून थेट पाच किलोवर उडी मारायला लावतात. कॅन मात्र अर्ध्या किलोने चढतो आणि स्नायूला नेमकी अशीच चढण मानवते. आमच्याकडे येणाऱ्या एका काकूंनी पहिल्या दिवशी कॅन पाहून म्हटले होते, “अरे, आयुष्यभर पाणीच भरले, आता व्यायामातही तेच?” त्या आज दोन्ही हातांत एकेक भरलेला कॅन घेऊन गच्चीला चार चकरा मारतात. ओझे घेऊन चालणे हा प्रकार इतका साधा आहे की त्याविषयी याहून अधिक सांगण्यासारखे नाही. खांदे कानांकडे चढू देऊ नयेत, इतकेच.

ढकलण्यासाठी जोर किंवा साधे पुश-अप. जमिनीवर एकही निघत नसेल तर भिंतीवर हात टेकून सुरुवात करावी, मग स्वयंपाकाच्या ओट्यावर, मग पलंगाच्या काठावर आणि शेवटी जमिनीवर. प्रत्येक पायरीवर वीस निघाले की पुढची पायरी. गुडघे टेकून करण्यापेक्षा हा उतरता क्रम मला अधिक पसंत आहे, कारण त्यात अंग पहिल्या दिवसापासून एका फळीसारखे ताठ ठेवण्याची सवय लागते, आणि त्यातच पोटाचा व्यायामही होऊन जातो.

सर्वांत दुर्लक्षित राहते ते ओढणे. सूर्यनमस्कार हा आपल्या घराघरांतला उत्तम व्यायाम आहे, तो सोडू नये; पण त्यात हात जमिनीला ढकलतात, काहीही ओढत नाहीत, आणि ओझेही आपल्याच वजनाचे, कायमचे ठरलेले. वर्षानुवर्षे नुसते नमस्कार घालणाऱ्यांची पाठीची वरची बाजू त्यामुळे मागे राहते, आणि संगणकासमोर वाकून बसणाऱ्यांना तर नेमकी तीच हवी असते. मल्लखांबावर चढणाऱ्या मुलांच्या पाठी पाहा, म्हणजे ओढण्याचे महत्त्व वेगळे सांगावे लागणार नाही. जुन्या वाड्यांत राहणाऱ्यांना एक सोय आहे: लाकडी खांबाला जुन्या धोतराचा पीळ घालून दोन्ही टोके मुठीत धरावीत, पावले खांबाजवळ रोवून मागे कलावे आणि कोपरे बरगड्यांजवळून मागे नेत छाती खांबाकडे ओढून आणावी. पावले जितकी पुढे तितके काम जड. पीळ टाकण्यापूर्वी खांब किडलेला नाही आणि कापड विरलेले नाही, हे झटका देऊन पाहावे. फ्लॅटमध्ये खांब नसतो. तिथे एक हात आणि एक गुडघा पलंगावर टेकवून दुसऱ्या हाताने अर्धी भरलेली बादली कमरेकडे ओढावी. वाकून उचलण्यासाठीही हीच बादली चालते: पाठ सरळ, गुडघे किंचित सैल, वाक कमरेतून नव्हे तर नितंबांच्या खुब्यातून. पाठीला कुबड येते आहे असे वाटले तर भार कमी करावा.

स्त्रियांच्या मनातली एक शंका इथेच मिटवतो. ओझे उचलल्याने अंग पुरुषी होत नाही. स्नायू भराभर वाढवणारे टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक स्त्रियांत पुरुषांच्या मानाने दहा ते वीस पटींनी कमी असते. रजोनिवृत्तीनंतर हाडांची घनता वेगाने घसरते आणि तेव्हा ओझ्याचा व्यायाम दिसण्यापेक्षाही हाडांसाठी लागतो. अर्ध्या-अर्ध्या किलोची गुलाबी डंबेले पन्नास पन्नास वेळा हलवून ना स्नायू भरतो, ना चरबी जाते.

चालणे, जिने आणि गरबा

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम, किंवा ७५ ते १५० मिनिटे जोमाचा व्यायाम आणि त्याखेरीज किमान दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम सांगितला आहे. मध्यम म्हणजे किती, हे कळण्यासाठी घड्याळाची गरज नाही. चालताना शेजारच्याशी बोलता येते पण सुरात आरती म्हणता येत नाही, तो वेग मध्यम. चार शब्दांनंतर श्वास घ्यावा लागतो, तो जोमाचा. सुरसागर तळ्याभोवती गप्पांच्या नादात तासभर रेंगाळणाऱ्यांपैकी पुष्कळजण दोहोंतही बसत नाहीत.

बडोदे सपाट शहर आहे, चढ शोधूनही सापडत नाही. म्हणून आठवड्यातून एक-दोनदा इमारतीचे जिने वापरावेत: तीस सेकंद झपाट्याने वर, दीड मिनिट सावकाश खाली आणि सपाटीवर, अशा सहा ते आठ फेऱ्या. अशा तुटक जोमाच्या व्यायामाला चरबी जाळण्याची काही अद्भुत शक्ती आहे असे नाही. व्यायाम संपल्यावरही जळत राहणाऱ्या ज्या कॅलरींची जाहिरात होते त्या मूळ खर्चाच्या फार तर सहा ते पंधरा टक्के असतात. फायदा आहे तो वेळेचा आणि दमाचा. गुडघे दुखतात त्यांनी जिने उतरू नयेत, लिफ्टने खाली यावे. उतरताना गुडघ्यावर भार अधिक पडतो. पावागडचा डोंगर पायऱ्यांनी चढून-उतरून आल्यावर तिसऱ्या दिवसापर्यंत मांड्या ठणकतात त्याही चढण्याने नव्हे, उतरताना ताणाखाली लांबत गेलेल्या स्नायूंमुळे. त्या ठणक्याचा चरबी जळण्याशी संबंध नाही, आणि व्यायामानंतर अंग दुखले नाही म्हणून तो वाया गेला असेही नाही.

गरब्याविषयी न बोलता बडोद्यात व्यायामाबद्दल लिहिणे अपुरे राहील. रात्री दोन-तीन तास टाळ्या, गिरक्या आणि उड्या. दम आणि पोटऱ्या यांच्यासाठी इतका आनंदाचा व्यायाम दुसरा नाही. पण तो वर्षातून नऊ रात्रींचा आहे, त्यात ओढणे-ढकलणे नाही, आणि मैदानातून निघाल्यावर मध्यरात्री जे खाल्ले जाते त्याने हिशेब बहुधा फिटतो. नवरात्रात वजन उतरवण्याच्या भरवशावर राहण्यापेक्षा नवरात्रासाठी अंग तयार करणे शहाणपणाचे. आधीचे दोन महिने बैठका आणि पायरीच्या काठावर टाचा वर-खाली करण्याचा व्यायाम केला असेल, तर चौथ्या रात्री घोटे आणि गुडघे बोलू लागत नाहीत. घरी दिवाणखान्यात आठवड्यातून दोनदा वीस मिनिटे गरबा घातला तर मात्र तो वर्षभराच्या हिशेबात धरता येतो. ज्यांना चालण्याचा कंटाळा आहे त्यांना मी तेच सुचवतो.

आठवडा कसा लावावा

सोमवार आणि गुरुवार ओझ्याचे, प्रत्येकी चाळीस मिनिटे. जमत असेल तर शनिवार तिसरा. पाचही हालचालींच्या तीन तीन फेऱ्या, दोन फेऱ्यांमध्ये दीड ते दोन मिनिटे विश्रांती. बाकीचे दिवस अर्धा ते पाऊण तास चालणे, त्यांतल्या एका दिवशी जिने. एकाच सकाळी दोन्ही करायचे असेल तर ओझे आधी आणि चालणे नंतर, कारण थकलेल्या पायांनी बैठकांचा ढंग बिघडतो. एप्रिल ते जून साडेसातच्या आत सगळे आटोपावे. प्रत्येक फेरीची संख्या आणि ओझे वहीत लिहावे. मागच्या गुरुवारी किती काढले होते ते आठवत नसेल, तर या गुरुवारी वाढवायचे कसे?

जिममध्ये जायचे असेल तर घरापासून दहा मिनिटांच्या आतले निवडावे आणि पहिले तीन महिने मासिक फी भरावी. मी एके काळी वर्षाची फी एकरकमी भरून पाचव्या आठवड्यात जाणे सोडले होते. दोष काही अंशी माझा, काही अंशी मला रोज निराळ्या यंत्रावर बसवून एकदाही आकडा न लिहिणाऱ्या शिक्षकाचा. म्हणून चौकशीला जाल तेव्हा तिथला शिक्षक लोकांचे आकडे लिहून ठेवतो का, आणि चुकीचा ढंग दिसला की ओझे उतरवायला सांगतो का, हे अर्धा तास कोपऱ्यात उभे राहून पाहावे.

स्नायूला लागणारे अन्न हा आपल्या घरांतला कच्चा दुवा आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे प्रौढाला दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात. ओझ्याचा व्यायाम करणाऱ्याने १.२ ते १.६ ग्रॅम धरावीत. ६० किलोच्या बाईसाठी हे किमान ७२ ग्रॅम होतात. दोन अंडी १२, दोन वाट्या घट्ट उसळ १४, चार पोळ्या १२, पाव लिटर दूध ८, शंभर ग्रॅम पनीर १८ आणि वाटीभर दही ५, असे करत कुठे बेरीज सत्तरच्या जवळ पोहोचते. अंडी न खाणाऱ्यांनी २५ ग्रॅम कोरडे सोयाबीन चंक्स भिजवून भाजीत घालावेत, १३ ग्रॅम मिळतात. पाणीदार आणि गोडसर वरणाच्या एका वाटीवर भिस्त ठेवू नये.

उच्च रक्तदाब, हृदयविकार, मधुमेहाची इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणारी औषधे, गरोदरपण किंवा पाठीची जुनी शस्त्रक्रिया असेल, तर सुरुवात डॉक्टरांना विचारूनच करावी. ओझे उचलताना श्वास कोंडून धरू नये. उचलताना सोडावा, खाली आणताना घ्यावा. छातीत दडपण, डाव्या हातात कळ, चक्कर किंवा नेहमीपेक्षा निराळी धाप जाणवली तर त्या क्षणी थांबावे आणि ‘जरा बसलो की बरे वाटेल’ म्हणत बसू नये.

पहिल्या तीन-चार आठवड्यांत ताकद वाढते ती बहुतांशी मेंदू आणि नसांना हालचाल साधल्यामुळे. आरशात फरक दिसायला आठ ते बारा आठवडे लागतात. बाराव्या आठवड्यानंतर पहिल्या पानाशेजारी पुन्हा तीनही नोंदी कराव्यात. कंबर घटली आणि जोर वाढले, तर वजन तेवढेच असले तरी काहीही बदलू नये. जोर वाढले पण कंबर तशीच, तर व्यायामाला हात न लावता ताटाकडे पाहावे. कंबर घटली पण जोरही घटले, तर खाणे फार कमी झाले आहे किंवा झोप सात तासांच्या बरीच खाली आहे. आणि दोन्ही जागचे हलले नसतील तर वही उघडून कॅनमध्ये पाणी शेवटचे कधी वाढवले होते, ती तारीख पाहावी.